सहा मिलिमीटरच्या नळीत मावलेलं घर

तीर्थरूप दादा,

(तीर्थरूप हे केवळ वयामुळे. बाकी पात्रता तपासलेली नाही.)

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी जे घडलं ते क्रमाने आणि विशेषणं न लावता:

१. तू घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ पाठवलास. सोबत एक शब्दही नव्हता.
२. बाबांनी तो पाहिला.
३. माझ्या सायकलच्या पुढच्या चाकातले स्पोक गेले.
४. स्वयंपाकघरातल्या रेडिओचं एरियल गेलं.
५. आईच्या अर्ध्या विणलेल्या स्वेटरमधली सुई गेली. स्वेटर तिथेच राहिला.
६. बाहेरच्या खोलीतले पडदे काळे झाले.
७. बाबांची मिशी गेली.
८. चाकू अजून झालेला नाही.

आता रीतसर. इकडे सगळे बरे आहेत. तुझी खुशाली आईकडून कळते, कारण आई तुला फोन करते तेव्हा बाबा बाल्कनीत जाऊन उभे राहतात, नेमके ऐकू येईल इतक्याच अंतरावर. फोन संपला की आत येऊन ते विचारतात, "कोणाचा होता?" आई म्हणते, "कोणाचा नाही." मग ते समाधानाने पेपर उघडतात. हे पत्र कागदावर आणि तुझ्या हॉटेलच्या पत्त्यावर लिहिण्याचं कारण तेच आहे. ग्रुपवर बाबा वाचतात, फोनवर आई ऐकते, आणि माझा फोन आला की तू "भट्टीवर आहे" म्हणून ठेवून देतोस. जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात भट्टी इतकी अखंड पेटलेली नसावी असा माझा अंदाज आहे. पण तो माझा विषय नाही. माझा विषय मोजमाप. कारखान्यांची मापयंत्रं खरं बोलतात की नाही हे तपासून मी पोट भरते, त्यामुळे माणसांकडून माझी तशी काही अपेक्षा उरलेली नाही.

तू विसरला असशील म्हणून सांगते (विसरल्यासारखा वागतोस खरा): बाबांच्याच टूलरूममधली, साचे घडवायची नोकरी सोडून तू हॉटेलात स्वयंपाकी व्हायला निघालास, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बाबा एकच वाक्य बोलले. "कांदे चिरायला डिप्लोमा लागत नाही." तूही एकच बोललास. "आणि जन्मभर दुसऱ्याचे साचे घासायला लागतो?" दोन्ही वाक्यं एकाच मापाची होती, एकाच टूलरूममध्ये तयार झाल्यासारखी. तेव्हापासून तुम्ही दोघे एकमेकांशी बोललेला नाहीत, त्याला आता दोन वर्षं होतील. मधे मी आणि आई वॉशरचं काम करतो. दोन धातू एकमेकांवर घासू नयेत म्हणून घालतात ती चकती. तिला दोन्हीकडून दाब बसतो आणि तिचं नाव कोणी घेत नाही.

अशा घरात तुझ्याकडून ग्रुपवर व्हिडिओ येतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, यातलं हे घोडं. व्हिडिओत एक दाढीवाला माणूस चाकूच्या मुठीसाठी स्वस्त साहित्यातून मोझॅक पिना करून दाखवतो. चाकूच्या पात्याला दोन्ही अंगांनी लाकडाच्या पट्ट्या लावून त्या आरपार खिळ्यांनी जखडतात हे तुला सांगायला नको, तू दिवसभर तेच हातात धरतोस. साधी माणसं साधा पितळी खिळा ठोकतात आणि जेवायला जातात. ज्यांना वेळ असतो ती माणसं एका नळीत बारीक कांड्या आणि तारा नक्षी साधेल अशा रचतात, मधल्या फटींत काळं केलेलं इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा गोंद, भरतात आणि ते घट्ट झालं की काकडीसारखे काप काढतात. प्रत्येक कापावर तीच नक्षी, फुलासारखी. हा काप खिळ्याच्या जागी बसतो. शेवटी दाढीवाला हसून सांगतो की हे कोणालाही जमेल. या एका वाक्याने बाबांचा सात पिढ्यांचा अपमान झाला.

बाबांनी तो व्हिडिओ लागोपाठ पाहिला, मधे थांबवून पाहिला, मग चष्मा काढून पुसला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "त्याने पाठवलाय म्हणजे काहीतरी असेल." "त्याने" हे सर्वनाम या घरात इतक्या दिवसांनी वापरलं गेलं की आईने गॅस बारीक केला. निवृत्तीनंतर बाबांच्या हातून झालेलं सर्वांत मोठं यांत्रिक काम म्हणजे रिमोटचे सेल फिरवणं. ज्या माणसाने साच्याचा पृष्ठभाग अंगठ्याच्या नखाने तपासून तो किती घासायचा हे सांगितलं, तो माणूस सकाळी उठून टाकीत पाणी आलं का ते बघतो आणि दुपारी ते गेलं का ते बघतो. तेव्हा मला वाटलं, करू देत. असं मला वाटलं, ही नोंद मी या पत्रात एवढ्याचसाठी करते आहे की पुढच्या नुकसानीत माझा वाटा किती, हे तुला ठरवता यावं.

पातं घरात होतंच. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने बाबांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी कधी लावलं नाही, कारण ते मागे पडतं. त्याच दिवशी त्यांनी स्वतःहून मागून आणलं ते पॉवर हॅक्सॉचं मोडकं पातं, लांबलचक, दात झिजलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. "चांगलं पोलाद आहे, कधीतरी लागेल," असं म्हणून ते माळ्यावर गेलं होतं. ते खाली आलं. फाटकं बनवणाऱ्या वेल्डरच्या दुकानात बाबांनी ते ग्राइंडरवर घासून चाकूच्या आकाराचं केलं, दर दोन मिनिटांनी पाण्यात बुडवत, म्हणजे पोलाद तापून मऊ पडू नये. वेल्डर म्हणाला, "काका, एवढं जपून कोण करतं हो!" बाबा म्हणाले, "म्हणूनच तुझ्या फाटकांना वेल्डिंगचे फोड येतात." ते दोघे आता बोलत नाहीत. (हा घराण्याचा गुण आहे, तुला कल्पना असेल.)

पात्यापर्यंत ठीक होतं. मग साहित्य. व्हिडिओ सांगतो की साहित्य स्वस्त असावं. स्वस्त या शब्दाची बाबांची व्याख्या अशी निघाली: जे दुसऱ्याचं आहे आणि दुसरा सध्या घरात नाही. बाहेरच्या नळीसाठी त्यांनी आईच्या रेडिओचं एरियल सोडवलं. वरून चकचकीत मुलामा, आत उत्तम पितळ, आणि नळीत नळी असल्यामुळे मापं आयती. रेडिओला आता एकच स्टेशन लागतं, आणि त्यावर दिवसभर शेअर बाजार सांगतात. आईला बाजार कळायला लागला आहे. आतल्या कांड्यांना दोन मिलिमीटर व्यास हवा होता, आणि दोन मिलिमीटर म्हणजे सायकलचा स्पोक, हे बाबांना माहीत होतं. माझी सायकल खाली उभी होती हेही माहीत होतं. मला ते सायकलवर बसल्यावर कळलं. चाक होयबासारखी मान डोलवू लागलं आणि मी भाजीच्या गाडीत गेले. गाडीवाला म्हणाला, "ताई, टोमॅटो घ्यायचे होते तर सांगायचं." मधोमध बसायला वेगळ्या रंगाची कांडी म्हणून आईची ॲल्युमिनियमची विणकामाची सुई. तीन पितळी कांड्या तेवढ्या हार्डवेअरच्या दुकानातून विकत आणल्या, आणि त्याचा उल्लेख बाबा आजही "खर्च झाला" असा करतात. मुठीच्या लाकडासाठी तुझ्या अभ्यासाच्या टेबलाची फळी निघाली. फारशी वापरली न गेल्यामुळे ती उत्तम स्थितीत आहे.

आता जी चूक झाली ती फक्त आपल्या घरातच होऊ शकते, म्हणून जरा सविस्तर सांगते. सहा मिलिमीटरच्या नळीत दोन मिलिमीटरच्या सात कांड्या बरोबर बसतात. एक मधे, सहा भोवती. भूमितीच तशी आहे. दाढीवाल्याने त्या ढिल्या घातल्या होत्या, हलवल्या की खुळखुळत होत्या. बाबांनी ते बघून तोंडाने "च्यक" असा आवाज काढला. त्यांनी नळी आतून रीमरने, म्हणजे भोक कोरून मापात आणायच्या हत्याराने, अचूक सहाची केली. प्रत्येक कांडी पॉलिश पेपरवर घासून अचूक दोनची केली. माप घ्यायला मी ऑफिसातून सुटीपुरता मायक्रोमीटर आणला (रीतसर परवानगी घेऊन, कारण लिहिताना "घरगुती" असं लिहिलं). सात कांड्या अशा बसल्या की नळी उलटी केली तरी एक पडेना. बाबा प्रसन्न. मग त्यांनी भिंग लावून टोकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून फटी आहेत."

फटी असणारच. गोल वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या की मधे जागा राहते, आणि त्याच जागेत इपॉक्सी जातं. व्हिडिओभर तेच चाललं होतं. पण टूलरूममध्ये तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला फट दाखवणं म्हणजे मांजराला उंदीर दाखवणं. त्यांनी विचारलं, "बाहेरच्या फटीत केवढी तार बसेल?" आणि मी, दादा, मी हिशेब करून सांगितलं: शून्य दशांश सात. आतल्या फटीत? शून्य दशांश तीन. या प्रकरणात मी साक्षीदार नसून सहआरोपी आहे, ते इथे. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरची तार निघाली, जुन्या इस्त्रीच्या वायरीतले तंतू निघाले, आणि बाबांनी चिमट्याने एकेक फट बुजवली. काम इतकं सुंदर झालं की मी फोटो काढला. जगात त्या दिवशी एवढी भरीव नळी दुसरी नसावी.

मग इपॉक्सी ओढून घ्यायला सिरिंज हवी. नळीचं खालचं टोक चिकटद्रवात बुडवायचं आणि वरून सिरिंजने ओढायचं, म्हणजे ते सगळ्या फटींतून वर चढतं. बाबा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले आणि डझनभर सिरिंजा मागितल्या. त्याने विचारलं, "कोणासाठी?" बाबांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "पिनेसाठी." त्याने विचारलं, "वय?" बाबा म्हणाले, "परवाच केलीय." औषधवाल्याने सिरिंजा दिल्या नाहीत, बाबांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि आईला फोन लावला. "ताई, साहेबांची तब्येत बरी आहे ना?" आई म्हणाली, "तब्येत बरी आहे हो, तीच तर अडचण आहे."

सिरिंजा मी आणल्या. बाबांनी लावली, ओढली. काही येईना. फटच नव्हती, तर येणार कुठून? घट्ट चिकटद्रव आहे, सुईच्या टोकाएवढ्या जागेतून जायला ते काही आपल्या नातेवाइकांसारखं नाही. बाबांनी जोर लावला. दट्ट्या हातात आला, बाबा खुर्चीसकट मागे गेले, आणि सिरिंजच्या नळकांड्यातून मिश्रणाचे थेंब छताला चिकटले. ते अजून तिथेच आहेत. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार होता, आणि पाच मिनिटं आम्ही बाबांना उठवत होतो. तरीही, थोडं तरी आत गेलं असेल या श्रद्धेवर, दुसऱ्या दिवशी बाबांनी नळी व्हाइसच्या जबड्यात आवळून पहिला काप काढला. काप निघाला आणि त्याच्या पोटातलं सगळं फरशीवर सांडलं: स्पोक, सुई, पितळ, तारा, सगळे आपापल्या दिशेने कपाटाखाली. बाबांच्या हातात अंगठीसारखी रिकामी चकती उरली. बाबा शिव्या देत नाहीत. ते फक्त म्हणतात, "असं का?" ते शिवीपेक्षा वाईट असतं, तुला माहीत आहे.

मी सांगितलं की फट ठेवावी लागेल. ते म्हणाले, "मुद्दाम?" मी म्हटलं, मुद्दाम. ते म्हणाले, "फट राहिली की काम कच्चं." मी म्हटलं, बाबा, याला क्लिअरन्स म्हणतात, आणि तो शब्द मला तुम्हीच शिकवलात. यावर आई वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "माणसांचंही तसंच असतं हो. फार घट्ट बसवायला गेलं की—" आम्ही दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तो पॉलिश पेपर दे इकडे." आईने दिला. (तूही यातून काही बोध काढू नकोस. ही चर्चा इपॉक्सीबद्दल होती.)

दुसऱ्या नळीत बारीक तारा घातल्या नाहीत. पण फटी ठेवायच्याच तर त्या उठून दिसल्या पाहिजेत, म्हणून काळा रंग. पहिल्यांदा बाबांनी बुटाचं पॉलिश मिसळलं. त्यात मेण असतं, इपॉक्सी घट्टच होईना, दोन दिवस गुळगुळीत लापशी. मग त्यांना माझ्या प्रिंटरची आठवण झाली. प्रिंटरची काळी पूड यासाठी खरोखर चांगली चालते. हे मी त्यांना नंतर, कौतुकाने नव्हे, सांगितलं. अडचण एवढीच की त्यांनी कार्ट्रिज बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर, डोक्यावर पंखा चालू असताना उघडलं. मी घरी आले तेव्हा बाबांच्या चष्म्याच्या काचांमागे दोन पांढरे गोल होते आणि बाकीची खोली एकाच रंगाची होती. मी दारातूनच ओरडले, "गरम पाणी लावू नका!" कारण ही पूड म्हणजे मुळात प्लॅस्टिक, तापली की चिकटते, प्रिंटर त्यावरच चालतो. आई बाथरूममधून म्हणाली, "अगं, चांगलं कडकडीत घेतलंय, काळजी करू नकोस." पडदे आता कायमचे छापले गेले आहेत. पहिल्या दर्जाची छपाई आहे, पुसट होणार नाही. (वरच्या मजल्यावरच्या बाईंचं पांढरं मांजर तेव्हा आमच्याकडे आलं होतं. बाई परवा हळूच विचारून गेल्या की करड्या मांजराला सुद्धा दूध तेवढंच लागतं का.)

आता मिशी. पूड मिसळलेलं इपॉक्सी फार दाट होतं आणि सिरिंजा संपल्या होत्या. औषधवाला आमच्या घरातल्या कोणालाही आता सिरिंज देत नाही, मलासुद्धा. बाबांनी नळीच्या वरच्या टोकाला सरबताची स्ट्रॉ चिकटवली आणि तोंडाने ओढायला सुरुवात केली. मी म्हटलं, हे विषारी असतं. ते म्हणाले, "वर येताना दिसेल की." या वेळी फटी होत्या. ते दिसायच्या आधी आलं. तोंडात गेलं नाही, कारण बाबांनी वेळेवर स्ट्रॉ सोडली. पण ती उडाली आणि जे होतं ते मिशीत गेलं. पाच मिनिटांचा प्रकार, हे मी वर लिहिलंच आहे. खोबरेल तेल लावून पाहिलं, साबण लावून पाहिला, ॲसिटोन नाकाखाली लावायला मी नकार दिला. डाव्या बाजूची मिशी दगड झाली होती आणि कात्रीनेच निघाली. उजवी शाबूत होती, पण एकच बाजू ठेवणं बाबांना सममितीच्या दृष्टीने पटेना. ते आत गेले आणि सगळीच काढून आले.

मी त्यांना मिशीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. तूही नाहीस. तुला आरशात बघायची सोय आहे, म्हणून वर्णन करत नाही. ते गॅलरीकडे तोंड करून, हातातली नळी उजेडात धरून उभे होते, तेवढ्यात आई बाजारातून आली. तिने त्यांना बाजूने पाहिलं, पिशवी होती तिथे खाली ठेवली आणि म्हणाली, "अरे! कधी आलास?"

बाबा वळले. हातातली नळी खाली घेत म्हणाले, "इथेच होतो."

यावर कोणी हसलं नाही, एवढीच नोंद. त्यानंतर ते दाढी करायच्या आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ असतात. परत मिशी वाढवणार का असं विचारलं, तर म्हणाले, "बघू."

पिना झाल्या. नाइलाजाने लिहिते, उत्तम झाल्या. मधे पांढरा ठिपका, भोवती पोलाद, पितळ, पोलाद, पितळ, आणि मधल्या काळ्या जागेमुळे प्रत्येक ठिपका वेगळा दिसतो. बाबांनी त्यातल्या तीन निवडल्या, उरलेल्या आईला दिल्या. तिने त्या गुंड्या म्हणून स्वेटरला लावायचं ठरवलं आहे. सुईची भरपाई म्हणून हे चांगलं आहे, फक्त स्वेटर विणायला सुई नाही.

आता फक्त मूठ बाकी आहे. लाकूड कापून, भोकं पाडून तयार आहे. शनिवारी चिकटवायची आणि घासायची. परवा बाबा माझ्याजवळ येऊन, जणू हवामान विचारावं तसं, म्हणाले, "साधारण माणसाचा तळहात केवढा असतो गं?" साधारण हा शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, "कोणत्या माणसाचा?" ते म्हणाले, "कोणत्याही." लाकडावर त्यांनी अंगठ्यासाठी पेन्सिलीने खाच आखली आहे. ती उजव्या अंगाला आहे, म्हणजे चाकू डाव्या हातात धरणाऱ्यासाठी. मी म्हटलं, "कोणत्याही डावखुऱ्या माणसाचा?" त्यांना एकदम टाकीतलं पाणी आठवलं आणि ते गच्चीवर गेले. या घरात डावखुरं कोण, हे तुला सांगायला नको. तुला लेथवर उलट्या हाताने उभा राहिलेला बघून ते टूलरूममध्ये काय म्हणायचे, तेही तुझ्या लक्षात असेल. खाच मात्र बरोबर बाजूला आहे. मी तपासली.

तेव्हा या पत्राचा उद्देश असा की यापुढे घरच्या ग्रुपवर असले व्हिडिओ पाठवण्याआधी विचार करावास. एवढंच. बाकी सर्व ठीक. भट्टीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
पायी चालणारी बहीण

ता. क. : दाढीवाल्याचा पुढचा व्हिडिओ बाबांनी स्वतः शोधून काढला आहे. तो चामड्याचं म्यान करण्याबद्दल आहे. माझी ऑफिसची बॅग मी आता कपाटात कुलूप लावून ठेवते.

ता. क. दुसरा : तो व्हिडिओ तू आम्हाला पाठवला नव्हतास, हे मला ठाऊक आहे. तुमच्या स्वयंपाक्यांच्या ग्रुपवर जायचा तो चुकून इकडे आला आणि तू लगेच काढून टाकलास. तोपर्यंत बाबांच्या फोनवर तो उतरला होता. "संदेश काढून टाकला आहे" ही ओळ त्यांनी पाहिली आणि मला विचारलं, याचा अर्थ काय. मी सांगितलं, फोनमधली जागा वाचावी म्हणून तो आपोआप काढतो. मापाच्या धंद्यात मी जाणूनबुजून दिलेलं हे पहिलं चुकीचं रीडिंग. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चांगली सोय आहे." त्यांनी विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. तू ते दुरुस्त करू नकोस.

ता. क. तिसरा : डावा तळहात टेबलावर सपाट ठेव. अंगठा सोडून, चारही बोटांच्या मुळाशी आडवी रुंदी मोज. मिलिमीटरमध्ये, इंचात सांगितलंस तर ते फोन ठेवतील. हे माप मला कळवू नकोस, आईलाही नको. ती "तळहात"वरून "जेवलास का"वर जाईल आणि आकडा राहून जाईल. बाबांना फोन कर आणि आकडा सांग. ते "हं" म्हणतील. पुढे काही म्हणणार नाहीत, पण फोन चालू असेल. तूही ठेवू नकोस. लाकूड एकदा घासलं की परत वाढत नाही, म्हणून शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्यांना तुझं उत्तर मिळावं.